कामाचं ठिकाण: जिल्हा पुणे

गेल्या मे महिन्यातली दुपार. ऊन मी म्हणत होतं. सेवा केंद्रातली गर्दी ओसरली होती, मी प्रिंटरला कागद भरत होते, तेवढ्यात एक मुलगा आणि त्याची आई आत आली. मुलाच्या हातात प्लास्टिकची फाइल, आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचं गाठोडं. म्हणजे सकाळीच घर सोडलेलं. मुलानं फिटरचा आयटीआय केला होता, मिरजेत एका वर्कशॉपमध्ये सहा महिने काढले होते. "ताई, नोकरीसाठी ऑनलाइन नाव घालायचंय," तो म्हणाला.

आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात अजून असंच म्हणतात. वडिलांच्या पिढीनं सरकारी रोजगार कार्यालयात, म्हणजे 'एम्प्लॉयमेंटला नाव घातलं', ही पिढी 'ऑनलाइन नाव घालते'. शाळेत नाव घालतात तसंच. एकदा नाव घातलं की आपण कुठल्या तरी वहीत आलो, आता कधीतरी आपला नंबर पुकारला जाईल, एवढा भरवसा त्या दोन शब्दांत आहे. त्या भरवशाची मला फार किंमत वाटते. माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर तो रोज येऊन बसतो.

आधारचा नंबर टाकला. ओटीपी गेला वडिलांच्या मोबाइलवर, कारण आधारला तोच नंबर जोडलेला. वडील द्राक्षबागेत. मुलानं फोन लावला. "अप्पा, मेसेज आलाय बघा, सहा आकडे सांगा." पलीकडून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज, मग ब्लोअर बंद केल्याचा, मग "थांब, चष्मा घरात हाय." आकडे येईपर्यंत वेळ संपली. पुन्हा पाठवला. तिसऱ्या वेळी जमलं. आईनं तेवढ्या वेळात स्क्रीनकडे एकदाही पाहिलं नाही, ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी मान हलवली तेव्हा तिनं पदर सावरला.

नाव नोंदल्यावर मी आयटीआयवाल्यांसाठी असलेल्या जाहिराती काढून दिल्या. त्यातली एक मुलाला आवडली. ट्रेनी ऑपरेटर, पदं ५०, पगार १५,५००. मी पुढचं वाचलं, "कामाचं ठिकाण, जिल्हा पुणे."

इतका वेळ गप्प बसलेली आई बोलली. "पुण्यात कुठं?"

मी पान वर-खाली केलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

हा प्रश्न साधा वाटतो, पण नकाशा उघडून बघा. हिंजवडी मुळशी तालुक्यात, चाकण खेडमध्ये, रांजणगाव शिरूरमध्ये, तळेगाव मावळात, जेजुरी पुरंदरमध्ये, कुरकुंभ दौंडमध्ये. या सगळ्या एमआयडीसी, आणि सगळ्यांचा जिल्हा पुणे. घरात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला जिल्हा कळला नाही तरी चालेल. मशीनसमोर उभं राहायचं असेल तर अंगानं तिथं पोचावं लागतं, पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं, रोज. कुरकुंभला नोकरी लागलेल्यानं चाकणला खोली घेतली तर त्याची नोकरी आठ दिवसांत सुटेल. त्या आईनं विचारलेल्या दोन शब्दांत मुलगा कुठं झोपेल, काय खाईल, सणाला घरी येईल की नाही, सगळं होतं.

माझ्या वडिलांचं एम्प्लॉयमेंटचं कार्ड अजून आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. अकरावी मॅट्रिक झाल्यावर त्यांनी सांगलीला जाऊन नाव घातलं होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला नूतनीकरणाचे शिक्के आहेत, जांभळ्या शाईचे, काही पुसट, काही एकमेकांवर चढलेले. कार्ड चालू ठेवायचं म्हणून ते दर तीन वर्षांनी सांगलीची एसटी धरायचे. तारीख चुकली की ज्येष्ठता जायची, म्हणून घरातल्या कालनिर्णयवर आई त्या तारखेभोवती गोल करून ठेवायची. त्यांना दोन कॉल आले. दोन्ही वेळा ते धोतर सोडून पँट घालून मुलाखतीला गेले, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाची निवड झाली. पुढं त्यांनी आयुष्यभर शेती केली, पण वयात बसत होतं तोवर कार्डावर शिक्का मारून आणायचं सोडलं नाही. "सरकारच्या वहीत आपलं नाव आहे," असं ते म्हणायचे, आणि त्यांचा आवाज तेव्हा वेगळा व्हायचा.

ती वही कुठून आली हे मी नंतर वाचलं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून सुटणाऱ्या शिपायांना आणि युद्धाच्या कारखान्यांतून कमी होणाऱ्या कामगारांना पुन्हा कामाला लावण्यासाठी केंद्रात एक खातं निघालं. त्याच्या हाताखाली ही कार्यालयं सुरू झाली. फाळणीनंतर विस्थापितांची नावं तिथं घातली गेली, आणि १९४८ च्या सुरुवातीला ती सगळ्यांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे आला. आपल्याकडे त्याला सेवायोजन कार्यालय म्हणायला लागले, आता त्याच्या पाटीवर कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक नाव आहे. कार्डाची जागा महास्वयं पोर्टलनं घेतली. दिल्लीची राष्ट्रीय करिअर सेवा जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. दोन्ही ठिकाणी नाव घालायला एक पैसा लागत नाही.

या फुकटपणाबद्दल मला थोडं बोलायचंय. आमच्या भागात नोकरीची बातमी कशी येते? मेहुण्याचा मित्र कंपनीत असतो, गावचा कुणीतरी कंत्राटदाराकडे सुपरवायझर असतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर 'अर्जंट भरती' असा फोटो फिरतो आणि खालच्या नंबरवर फोन केला की रजिस्ट्रेशनचे दोन हजार मागतात. ज्याची ओळख नाही त्याला बातमीच कळत नाही, किंवा ती विकत घ्यावी लागते. सरकारी यादीवरची जाहिरात बघायला ओळख लागत नाही. धनगरवाड्यावरच्या पोरालाही तीच दिसते आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या पोरालाही तीच. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य हेच सांगते की या यादीत नोकरीसाठी पैसे द्यायचे नसतात, कुणी मागितले तर आधी मला फोन करा. ही यादी मला आपली वाटते, म्हणूनच तिच्यात राहिलेली जागा मला इतकी टोचते.

कायदा शोधत गेले तेव्हा एक गोष्ट सापडली. १९५९ साली रिक्त पदं कळवणं सक्तीचं करणारा कायदा झाला. खासगी कारखान्यात २५ किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं रिकामी जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायची, असं त्यात होतं. भरती त्या कार्यालयातूनच करा अशी सक्ती नव्हती, पण जागा आहे हे कळवायचं. नाही कळवलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत होता. एवढ्या दंडाला कोण घाबरणार, ते सोडा. पण त्या कायद्याखालचे १९६० चे नियम होते, त्यात जागा कोणत्या नमुन्यात कळवायची ते सांगितलं होतं. पद, कामाचं वर्णन, शिक्षण, वय, बायकांना चालेल का, पगार आणि भत्ते, मुलाखत कधी नि कुठं. आणि एक रकाना होता कामाच्या ठिकाणाचा. तिथं कंसात लिहिलं होतं, गावाचं किंवा शहराचं नाव, आणि ते कोणत्या जिल्ह्यात आहे.

गावाचं नाव. १९६० साली, पत्र टपालानं जायचं तेव्हा, नियम करणाऱ्या कुणालातरी कळलं होतं की नुसता जिल्हा पुरत नाही. मी ते वाचलं आणि मला ती आई आठवली.

त्याच्याही पुढचं आमच्या शेजारच्या तालुक्यात घडलंय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात केला. बहात्तरच्या दुष्काळात ती योजना राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला. माझी आजी बहात्तरला खडी फोडायला जात होती. ती सांगायची की मस्टरवर नाव लागलं की पहिला प्रश्न, काम कुठल्या अंगाला? तळ्याकडच्या रस्त्याला असलं तर तान्ह्या पोराला पाजायला दुपारी घरी येता यायचं, घाटाकडं असलं तर पोर बरोबर न्यावं लागायचं. सुकडीचं पाकीट ती पदराला बांधून आणायची. पुढं २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात या गोष्टीला आकडा मिळाला. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यायचं, लांब द्यावं लागलं तर प्रवासाचा नि राहण्याचा खर्च म्हणून १० टक्के जादा मजुरी. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान पोरांना सांभाळायची सोय.

अंमल कसा झाला यावर गावागावांत वेगळं ऐकायला मिळेल. पण टिकाव-खोऱ्याच्या कामात अंतर हे मजुरीचं अंग आहे, हे कायद्यानं मान्य केलं होतं. आजी करायची तसल्या कामाचे किलोमीटर सरकारनं मोजले. तिच्या पणतवंडाच्या वयाच्या या फिटरचे मोजायला कुणाला सांगितलेलंच नाही. तो शिकलेला आहे म्हणून त्याला अंतर लागत नाही असं थोडंच आहे?

त्या मुलाचं पुढं असं झालं. जाहिरातीतल्या नंबरवर फोन लागला, "चाकणला या, कागदपत्रं घेऊन," एवढंच सांगितलं. तो रात्रीच्या एसटीनं गेला. आईनं चार दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक चादर दिली. गेटवर पोचला तेव्हा तिथं त्याच्यासारखे तीस-चाळीस जण. नावं लिहून घेतली आणि सांगितलं, भरती कंत्राटदाराच्या नावावर आहे, काम रांजणगावच्या प्लँटला, सुरुवात सोमवारी. तो दिवस गुरुवार. रांजणगाव म्हणजे चाकण-शिक्रापूर रस्त्यानं पुढं, दुसरा तालुका. चार दिवस राहायचं कुठं? पन्नास जागांतली एक त्याची होती, कुणी फसवलं नव्हतं, पगारही खरा होता. पण खिशात सातशे रुपये होते. तो परत आला.

शनिवारी माझ्याकडे आला तेव्हा चप्पल हातात होती, तिचा अंगठा तुटलेला. "काम वाईट नव्हतं ताई," तो म्हणाला. "आधी कळलं असतं तर पैशाची सोय करून गेलो असतो." त्याचा राग कुणावरच नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. अर्ज मी भरला होता, प्रिंट मी काढून दिली होती.

मुलींचं आणखी अवघड. गेल्या वर्षी एक बारावी झालेली मुलगी वडिलांबरोबर आली. कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगचं काम, जाहिरातीत 'महिला व पुरुष' असं स्वच्छ लिहिलेलं. मुलगी हुशार, बोलायला धीट. वडिलांनी फक्त विचारलं, "सेकंड शिफ्ट असती का? सुटल्यावर गाडी कुठवर येती?" मी फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. पाळी रात्री अकराला सुटते, कंपनीची बस मिरज स्टँडपर्यंत सोडते. मिरजेपासून आमचं गाव चाळीसेक किलोमीटर, आणि त्या वेळी इकडं येणारी एसटी नाही. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग मुलीला म्हणाले, "चल." ते कडक बाप नव्हते. मुलीला सायकलवरून कॉलेजला सोडणारे होते. दारातून वळून ती मला म्हणाली, "फर्स्ट शिफ्टचं आलं तर सांगा ताई." कुठल्या पाळीचं काम आहे हे बघायला तिला यादीत जागाच नाही, म्हणून तिनं ते माझ्यावर सोपवलं.

आमच्या तालुक्यात काम नाही असंही नाही. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की बागेत माणूस मिळत नाही, फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर रात्रंदिवस काम असतं, निवडायला बायकांच्या टोळ्या लागतात. यातलं काहीच सरकारी यादीवर येत नाही. १९५९ च्या कायद्यानं शेतीचं आणि घरातलं काम बाहेरच ठेवलं होतं, आणि शेडवाल्यांनाही जाहिरात द्यायची गरज वाटत नाही. टोळीची मुकादम बाई सकाळी आळीतून हाका मारत जाते, "आज अमक्याच्या शेडवर, टेम्पो आठला, सुट्टी पाचला, रोज अमुक." नऊ शब्दांत काम कुठं, कधी, कसं जायचं, किती मिळणार, सगळं आलं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईची जाहिरात मला रोज ऐकू येते आणि दर वेळी वाटतं, एवढंच तर पाहिजे.

एवढंच पाहिजे, आणि यात तंत्रज्ञानाची अडचण नाही. मोबाइलवर घरपोच जेवण आणणारा पोरगा कोणत्या गल्लीत आहे ते आपल्याला दिसतं. जाहिरात टाकताना मालकानं कारखान्याच्या गेटचा पत्ता भरल्याशिवाय पान पुढं सरकू नये. पाळ्यांच्या वेळा, बस कुठून कुठवर, राहायची सोय आहे की आपली आपण बघायची, भरती कंपनीच्या नावावर की कंत्राटदाराच्या, आणि पीएफ वगैरे कापून हातात किती पडतात, हे मराठीत, मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरात असावं. पद भरलं की जाहिरात उतरवावी. सांगलीच्या रोजगार मेळाव्याला मी मुलांना घेऊन जाते, तिथं टेबलापलीकडे कंपनीचा माणूस बसलेला असतो. तिथं पोरं शिक्षणाबद्दल बोलून झाल्यावर नेमकं हेच विचारतात, जरा लाजत, आवाज खाली करून. "सर, रूम कुठं मिळती?" ते लाजतात याचं मला वाईट वाटतं. खोलीचं विचारणं म्हणजे काम टाळणं असं त्यांना कुणीतरी शिकवलंय. जो तिथं राहायची तयारी करतोय तोच तर खोलीचं विचारणार.

तो मुलगा परत आल्यापासून मी एक वही घातली आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. कुणाला जाहिरात काढून दिली की मी त्या नंबरवर स्वतः फोन करते आणि वहीत लिहिते. गेट कुठलं. पहिल्या दिवशी किती वाजता. काम त्याच ठिकाणी की दुसरीकडं. बस. राहायला भाड्यानं कॉट मिळते का, किती. कधी पलीकडचे लोक चिडतात, "तुम्ही कोण बोलताय?" मी सांगते, सेवा केंद्रातून बोलतेय, माझ्याकडं मुलगा बसलाय, त्याला रात्रीची गाडी धरायचीय. असं सांगितलं की बहुतेक जण नीट बोलतात. त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी कधीतरी अशीच रात्रीची गाडी धरलेली असते. मग ते लिहिलेलं मी जाहिरातीच्या प्रिंटच्या पाठीमागं पेननं उतरवून देते. पोरं ती घडी घालून फाइलमध्ये नाही, वरच्या खिशात ठेवतात.

फिटर मुलगा दिवाळीनंतर पुन्हा गेला. या वेळी यादीवरच्याच दुसऱ्या जाहिरातीवर, आणि फोन करून, गेट विचारून, अडीच हजार रुपये जवळ ठेवून. चाकणजवळ नाणेकरवाडीत गावाकडच्या तिघांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मला वाटलं काही अडचण. म्हणाला, "ताई, आमच्यात आठ जागा निघाल्यात, यादीवर टाकणार हायत म्हणं. तुमच्याकडं कोण आलं तर लिहून घ्या."

मी वही ओढली.

"एसटी पहाटे तीनला स्वारगेटला सोडती. तिथं रिक्षावाले उठवत्यात, त्यांच्या नादी लागायचं नाही, स्टँडवरच बसायचं. उजाडताना भोसरीची पीएमटी. भोसरीतनं चाकणची. आंबेठाण चौकात उतरायचं म्हणावं, पुढं जायचं नाही. चहाची गाडी हाय, तिथनं उजवीकडं चालत वीस मिनिटं. गेट नंबर दोन, एक नव्हं. एकावर उभं राहिलं तर आत कळत नाही. आणि पहिल्या दिवशी डबा बरोबर आणायचा, कँटीनचं कार्ड दुसऱ्या दिवशी मिळतंय. लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हटलं. "रात्री उशिरा कोण पोचला तर?"

"माझा नंबर द्या," तो म्हणाला. "सेकंड शिफ्ट असली तर अकरानंतर उचलतो."